दोघींना एकच दावं

आप्पांच्या दारात आता मेंढरं राहिली नव्हती, पण डोक्यात होती. मोरगावच्या वरच्या अंगाला, माळावर त्यांची वस्ती. वडील गेणबा दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाच्या वाटेला लागायचे. आप्पांनी कळप मोडला, चार एकर जिरायत धरली, दहा शेळ्या ठेवल्या आणि म्हणायला शेतकरी झाले. पण कसलाही पेच पडला की हा माणूस तो मेंढक्याच्या अकलेनंच सोडवायचा. कळपातलं एखादं जनावर ओढाळ निघालं, सारखं वाट सोडून पळायला लागलं, तर त्याला मारायचं नाही. कळपातलं जे सगळ्यात गरीब असेल, खालच्या मानेनं चालणारं, त्याच्या आणि ह्याच्या गळ्यात मिळून एकच दावं बांधायचं. महिनाभरात ओढाळ ताळ्यावर येतं. गरीब जनावराचं पुढं काय होतं, ते कुणी विचारत नाही. मानेला घट्टा पडतो म्हणे, बाकी काही नाही.

आप्पांना दोन पोरी. थोरली दिपाली, धाकटी सारजा. ओढाळ कोण आणि गरीब कोण, हे बापानं फार लवकर ठरवून टाकलं.

सारजा वांड नव्हती बरं का. वांड असती तर कुणाच्या तरी नजरेत आली असती. कुणाला उलटून बोलायची नाही, झाडावर चढायची नाही, पोरांच्या डोक्यात दगड घालायची नाही. गप बसायची आणि बसल्या जागेवरून नाहीशी व्हायची. आडावर पाण्याला धाडली तर तासाभरानं हसत परत, आणि घागर तिकडंच. एका पायात चप्पल. कालवणात मीठ दोनदा, नाहीतर अजिबात नाही. शाळेत सातचा पाढा चालू असताना हिचे डोळे खिडकीबाहेर, आणि गुरुजींनी उठवलं की "हा?" म्हणायची. वस्तीवरच्या प्रयागबाईनं तिचं नाव 'ध्यान' ठेवलं होतं. "आलं बघा ध्यान," म्हणायची, आणि सारजा पण हसायची. आता त्या हसण्याला काय म्हणायचं? पोरीला दुसरं काही येत नव्हतं म्हणून ती हसत होती.

आई, बानूबाई, तिनं काही बाकी ठेवलं नाही. दृष्ट काढली, अंगारा लावला, भिजवलेले बदाम दिले, आणि हे सगळं करून दमली की पाठीत धपाटेही घातले. "बाईच्या जातीला येवढा इसरभोळेपणा? सासरी कोण संबाळणार हिला?" हे वाक्य त्या घरात जेवणाइतक्या वेळा व्हायचं.

एकदा दिपालीनं तिला विचारलं होतं, "सारजे, तू इसरतीस तरी कशी गं?"

सारजा विचार करून म्हणाली, "आक्का, मी इसरत न्हाय. इसरायला आधी ते माझ्यापातूर आलं पायजे ना. येतच न्हाय."

दिपाली तेव्हा दहा वर्षांची. तिला ते कळलं नाही. पण खोटं नाही, एवढं कळलं.

त्याच वर्षी दावं बांधलं गेलं. दिपाली तिसरी पास झाली, वर्गात पहिली आली. सारजा दुसरीतून कशीबशी ढकलली गेली. आप्पा शाळेत गेले आणि गुरुजींना म्हणाले, "गुर्जी, थोरलीला आनखी येक साल तिसरीतच ठिवा. दोघी येका बाकावर बसत्याल. थोरली वळण लावंल धाकटीला."

गुरुजींनी डोकं खाजवलं. "अहो, पहिला नंबर आहे तिचा."

"पोरीच्या जातीचं येक साल गेलं तर काय बिघडतं?" आप्पा म्हणाले, आणि त्यांना खरोखरच काही बिघडेल असं वाटत नव्हतं. वाईट माणूस नव्हता हो. पोरींवर जीव होता. पण पहिल्या नंबरानं पास झालेली पोर जूनमध्ये पुन्हा तिसरीच्या वर्गात जाऊन बसली, तेव्हा तिच्या खालच्या वर्गातली पोरं "नापास, नापास" म्हणून नाचली. दिपाली रडली नाही. तिनं पाटी काढली, आधी सारजाची पुसून दिली, मग स्वतःची.

पुढं आठ वर्षं हेच. सकाळी सारजाच्या वेण्या, सारजाचं दप्तर, सारजाची दुसरी चप्पल. वर्गात तिला कोपरानं ढोसून जागं ठेवायचं. एसटी आली की हाताला धरून चढवायचं, नाहीतर बाई स्टँडवर कुणाच्या तरी टोपलीतल्या कोंबड्यांशी बोलत बसायची. आणि अभ्यास. दिपाली आपली वही लिहायची, मग सारजाची लिहायची. मास्तरांना कळू नये म्हणून पोरीनं दोन अक्षरं कमावली होती: स्वतःचं उजवीकडं कललेलं, आणि सारजाचं गोल, सुटं सुटं. घरी कौतुक व्हायचं. "बगा," आप्पा आल्यागेल्याला सांगायचे, "धाकटीच्या वह्या बगा. आली का न्हाय ताळ्यावर?"

हायस्कूलला शगुफ्ता मॅडम विज्ञान शिकवायच्या. मोरगावातच घर, नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान, आणि लुनावरून शाळेत यायच्या. बाईंची नजर तिखट. त्यांच्या ध्यानात आलं की सारजा तोंडी उत्तर देते तेव्हा सगळ्या वर्गाच्या पुढं असते आणि पेपर हातात दिला की दोन प्रश्न झक्क सोडवून बाकीचा पेपर कोरा. दहावीच्या दिवाळीआधी त्या वस्तीवर आल्या. म्हणाल्या, "आप्पा, बारामतीला महिन्यातून दोनदा पुण्याचे डॉक्टर येतात. डोक्याचे. हिला एकदा दाखवा."

"माजी पोरगी येडी न्हाय, मॅडम."

"वेडी कोण म्हणतंय? ताप आला तर दाखवता ना?"

आप्पा नाही गेले. बानूबाई गेली, दोघी पोरींना घेऊन, मोरगावला दर्शनाला जातो सांगून. आणि तिथं काय व्हावं? डॉक्टरांनी विचारलं, "बाळ, शाळेत कसं चाललंय?" सारजानं तोंड उघडायच्या आत दिपालीनं उत्तर दिलं. डॉक्टरांनी वह्या मागितल्या, दिपालीनं पिशवीतून काढून दिल्या, स्वच्छ, कव्हर घातलेल्या, गोल अक्षरातल्या. खरं काय ते तिच्या जिभेवर आलं होतं. पण वह्या लिहून देणं म्हणजे चोरी, आणि चोरी सांगितली तर दहावीचा फॉर्म अडकवतील, अशी भीती. ती गप बसली. सारजाही हात मांडीवर ठेवून गप बसली. गप बसणं तर तिला छानच यायचं.

डॉक्टर म्हणाले, "मुलगी चांगली आहे. जरा अबोल आहे इतकंच. अभ्यासाचा ताण असेल." मग दिपालीकडं बघून म्हणाले, "तूच किती बारीक झालीस! टॉनिक लिहून देतो." ते टॉनिक गोड होतं, आणि आठ दिवसांत सारजानं संपवलं.

मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. तिथं नंबर वेगळे, खोल्या वेगळ्या. दिपाली पेपर लिहिताना निम्मा जीव भिंतीपलीकडं ठेवून बसली होती. तरी तिला पंच्याहत्तर टक्के पडले. सारजा चार विषयांत गेली. एका पेपरला तर ती उत्तरपत्रिकेवर नंबर घालायचाच विसरली होती.

निकाल लागला त्याच आठवड्यात इंदापूरकडचं स्थळ आलं. पाटाच्या पाण्याखालचा ऊस, दोन म्हशी, ट्रॅक्टर, आणि दोन भाऊ: थोरला शंभूराज, आणि त्याच्या पाठचा. आप्पांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोघी बहिणी एका मांडवात, एका घरात! सारजाला सोळावं सरलेलं, पण तारखा कोण बघतो? "धाकटीला येकटीला कोन पदरात घील?" आप्पा बायकोला म्हणाले. "पर दिपालीसंगट गेली तर खपून जाईल. चुलीपाशी दिपाली, मागं सारजा. जलमाची काळजी मिटली."

बानूबाईनं पदर तोंडाला लावला. तिचीही काळजी मिटली होती. आणि दारामागं उभ्या असलेल्या दिपालीनं हे सगळं ऐकलं. तिसरी दुसऱ्यांदा केली तेव्हा एक वर्षच गेलं होतं. आता हे वर्षाचं काम नव्हतं. तिला नर्सिंग करायचं होतं. मॅडमनी माहिती काढली होती, पुण्याला राहायची सोय होती, ऑगस्टमध्ये मुलाखत होती. पण सारजाला सोडून ती जाणार कशी, आणि सारजासकट तिला कोण घेणार?

ती मॅडमच्या घरी फॉर्म भरायला गेली. दमलेली होती, कुणाशी तरी मनात भांडत होती, आणि फॉर्म भरता भरता हात आपोआप गोल, सुट्या अक्षरात चालायला लागला. मॅडम खांद्यावरून बघत होत्या.

"हे अक्षर तर सारजाचं."

दिपालीचा हात थांबला.

"म्हणजे तिच्या वह्या तू लिहायचीस? कधीपासून?"

"तिसरीपासनं."

"या अल्ला," शगुफ्ता मॅडम म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "आणि त्याच वह्या तू डॉक्टरला दाखवल्यास. अगं, त्यांनी सारजाला बघितलंच कुठं? तुलाच बघितलं."

मॅडमनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांचं सांगणं सरळ होतं. पंधरा दिवस थोरलीनं बाजूला व्हायचं. आठवण करायची नाही, शोधून द्यायचं नाही, मागून निस्तरायचं नाही. जिवावरचं काही असेल तेवढं सोडून. काय काय होतं ते रोज वहीत लिहायचं आणि मग धाकटीला घेऊन यायचं.

ऐकायला सोपं. करून बघा. पहिल्याच दिवशी सारजा दोन वेगळ्या चपला घालून बाजाराला गेली. दुसऱ्या दिवशी दूध उतू जाऊन चूल विझली. तिसऱ्या दिवशी पाहुण्याला चहा द्यायला निघाली आणि कपबशी हातात धरून वीस मिनिटं गोठ्यात वासराशी बोलत बसली. बानूबाईचा हात रोज उठायला लागला. "कालपतूर बरी हुतीस, आता सोंगं करायला लागलीस व्हय गं?" सारजाला कळेना. ती बहिणीच्या तोंडाकडं बघायची. आठ वर्षं त्या तोंडावर सगळं लिहिलेलं असायचं: ऊठ, थांब, मीठ घातलंस, बस आली. आता ते तोंड बंद झालं होतं.

"आक्का, माझं काय चुकलं का? तू बोलंनास झालीस."

"न्हाय गं. बरं वाटत न्हाय मला," दिपाली म्हणायची, आणि खोली बंद करून वहीत लिहायची. तिला रडू यायचं. आणि खरं सांगायचं तर मोकळंही वाटायचं. स्वतःची वेणी स्वतःसाठी घालायला किती वेळ मिळतो, हे तिला अठराव्या वर्षी कळत होतं. ह्या मोकळेपणाची तिला लाज वाटायची, तरी तो गोड लागायचा.

अकरावा दिवस. जुलै सरत आलेला, पावसानं ओढ दिलेली. घरामागच्या पट्टीत आप्पांनी कडवळ केलं होतं, म्हणजे चाऱ्याची हिरवी ज्वारी. पाण्यावाचून ती गुडघ्याएवढी होऊन खुरटली होती. असलं खुरटलेलं कवळं कडवळ म्हणजे जनावराला विष, हे त्या माळावरचं शेंबडं पोरही सांगेल. शेळ्या त्या बाजूला जाऊ द्यायच्या नाहीत, एवढंच सारजाला बजावून आई-बाप मोरगावला बाजाराला गेले होते.

दिपाली माळवदावर मटकी वाळत घालत होती. खाली सारजा बांधावर बसलेली, मांडीत एक करडू. करडाच्या खुरात काटा गेला होता. दातात पिन धरून, डोळे बारीक करून, ती इतक्या मायेनं तो काटा उकरत होती की करडूसुद्धा हलत नव्हतं. तिच्या पाठीमागं पहिली शेळी वळली. मग दुसरी. मग एकेक करून सगळ्या कडवळाकडं निघाल्या.

दिपालीनं बघितलं. तोंड उघडलं. आणि मिटलं.

जिवावरचं असेल तर हाक मारायची, हे तिला ठाऊक होतं. शेळीचा जीव हा पण जीवच, हे मेंढक्याच्या नातीला कुणी शिकवायला नको. पण त्या घटकेला तिच्या मनात दुसरंच आलं. कळू दे. एकदा सगळ्यांना कळू दे, मी काय काय अडवून धरलं होतं इतकी वर्षं. इंदापूरला पोचू दे ही बातमी. सुपातली मटकी पसरून होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. सारजानं मान वर करून तिच्याकडं एकदा बघितलं, हसली, आणि पुन्हा काट्यात डोकं घातलं. मग सूप टाकून ती ओरडत जिना उतरली. "सारजे! कडवळ!"

दोघींनी शेळ्या हाकून काढल्या. पण तीन गेल्याच. तोंडाला फेस, पाय ताणलेले. ताक पाजलं, गूळपाणी पाजलं, प्रयागबाई धावत आली, काही उपयोग झाला नाही. एक तर गाभण होती.

आप्पा बाजारातून आले. जनावराला कधी काठी न लावणारा माणूस, पण त्या दिवशी पोरीवर काठी उगारली आणि मारली. सारजानं हात आडवासुद्धा धरला नाही. मेलेल्या शेळीकडं बघत ती एकच म्हणत राहिली, "काटा निगाला हुता आप्पा. काटा निगाला हुता." दिपाली दारात उभी होती. 'मी बघत होते' एवढे तीन शब्द तिला सांगता आले असते आणि काठी थांबली असती. तिनं ते सांगितले नाहीत. संध्याकाळी वहीत तिनं लिहिलं: 'शेळ्या कडवळात गेल्या. लक्ष नव्हतं. तीन मेल्या.' स्वतः कुठं होती, ते लिहिलं नाही.

तीन शेळ्या गेल्यावर आप्पांचा हट्ट मोडला; ह्या खेपेला बारामतीला ते स्वतः आले. डॉक्टरांनी दिपालीला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सारजाला तासभर आत घेतलं. कागदावरची अक्षरं खोडायला लावली, गोष्ट सांगून ती परत सांगायला लावली, लहानपणापासूनचं आप्पांना विचारलं. मग वही वाचली. शेळ्यांच्या पानावर ते थांबले. मग सगळ्यांना आत बोलावलं.

"मागच्या वेळी माझी चूक झाली," डॉक्टर म्हणाले. असं म्हणणारा डॉक्टर आप्पांनी जन्मात पाहिला नव्हता. "ही आळशी नाही आणि वेडीही नाही. लक्ष एका जागी टिकत नाही, असा हा आजार आहे, जन्मापासूनचा. एडीएचडी म्हणतात. मुलगे काचा फोडतात, म्हणून त्यांना लगेच माझ्याकडं आणतात. मुली गप्प बसून हरवतात, त्यांना कुणी आणत नाही. आणि हिच्याजवळ तर हरवलेलं शोधून देणारं माणूस होतं."

"मंग बरी व्हईल का?" आप्पांनी विचारलं.

"गोळी देतो. पुण्याहून मागवावी लागेल. पण गोळीनं सगळं होत नाही. एका वेळी एकच काम सांगा. भिंतीवर लिहून ठेवा. आणि मारू नका, मारानं लक्ष येत नाही." मग दिपालीकडं बघत म्हणाले, "आणि तिचं तिला करू द्या."

गोळी सुरू झाली. चौथ्या-पाचव्या दिवशी सारजा दळण निवडायला बसली आणि सगळं निवडूनच उठली. बानूबाई रिकाम्या सुपाकडं बघतच राहिली. "आक्का," सारजा हळू आवाजात म्हणाली, "डोस्क्यात सारखा बाजार भरल्याला असायचा बग. उठला." तिची भूक मेली, तोंड सुकलं, आणि दुपार कलली की बाजार परत भरायचा. पण दिवसातले ते चार-पाच तास तिचे होते. पहिल्यांदाच होते.

आणि आप्पांना आनंद झाला म्हणता? झाला की. "आता तर काय अडचनच न्हाय," ते म्हणाले. "गोळी द्यायची आन दिपाली हायेच संगट. पर इंदापूरवाल्यांपुढं गोळीचं नाव काढायचं न्हाय. डोस्क्याची गोळी म्हटलं की दोघींची लग्नं मोडत्याल." सगळ्यांना ताकीद दिली. ज्या दिवशी दिपालीची पुण्याला मुलाखत, त्याच्या आदल्या दिवशी पाहुणे येणार होते. दिपालीनं फॉर्म उतरंडीत ठेवून दिला. तीन शेळ्या मारल्यावर आपण तोंड कशाला उघडायचं, असं तिनं स्वतःला सांगितलं. भोगायचंच होतं, मग इंदापुरात भोगू.

पाहुणे आले. शंभूराज, त्याचा भाऊ, मामा, आणि घरातली कर्ती म्हणजे त्यांची आत्या रंगूबाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि आवाज पाटलिणीचा. पोहे झाले. दोघी बहिणी डोक्यावर पदर घेऊन बसल्या. दिपालीला विचारलं तेवढं तिनं सांगितलं. मग रंगूबाई सारजाकडं वळली.

"आन तू गं? काय काय करतीस घरातलं?"

दिपालीनं सवयीनं तोंड उघडलं. सारजानं तिच्या मांडीवर हात ठेवला.

"सकाळच्याला करती, आत्याबाई," सारजा म्हणाली. "गोळी घेतली की जमतंय. दुपारनं न्हाय जमत."

"कसली गोळी?"

"डोस्क्याची. पुन्याची हाय. जलमभर घ्यावी लागंल का, ते डाक्टर अजून सांगत न्हाईत."

रंगूबाईनं मामाकडं बघितलं. मामानं टोपी सारखी केली. आप्पा "आवं, पोर हाय, काय बी बोलती" म्हणत उठले, तोवर पाहुण्यांनी वहाणा शोधायला सुरुवात केली होती. जाता जाता रंगूबाई एवढंच म्हणाली, "येकीत आसंल तर दुसरीत बी आसंल. रगत येकच." जीप धुरळा उडवत गेली, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मोरगावापासून बारामतीपर्यंतच्या सगळ्या सोयऱ्यांना कळलं, की आप्पांची धाकटी पोरगी येडी हाय. ते नाव सारजाला चिकटलं ते पुढं कधी सुटलं नाही. प्रयागबाईचं 'ध्यान' त्यामानानं लाडाचं म्हणायचं.

आप्पा ओट्यावर डोकं धरून बसले. बानूबाई आत मोठ्यानं रडत होती. सारजा मागल्या दारी पाहुण्यांच्या बशा घासत होती. दिपाली तिच्यासमोर जाऊन उकिडवी बसली.

"का सांगितलंस गं? आता तुला कोन बी घेनार न्हाय."

"न्हाय घेतलं तर न्हाय."

"सारजे, मी..." आता सांगितलंच पाहिजे होतं. "त्या दिशी शेळ्या..."

"तू माळवदावर हुतीस," सारजा म्हणाली. हात चालूच होता. "ठावं हाय मला. मी वर बगितलं हुतं की. तू बगत हुतीस, म्हून मी माघारी बगितलंच न्हाय. म्हटलं, काय चुकलं आसतं तर आक्कानं हाक मारली आसती."

दिपालीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सारजानं बशी विसळली, पालथी घातली, दुसरी घेतली. तिला राग आलेला दिसत नव्हता, आणि ते तर जास्तच सोसत नव्हतं.

"तितं इंदापूरला बी आसंच झालं आसतं बग," सारजा म्हणाली. "मी सारखी वर बगत बसली आसती, आन तू कवा तरी पुन्यांदा गप ऱ्हायली आसतीस. तुजं बी काय चुकलं म्हना. दमतंयच मानूस."

"मी जात न्हाय पुन्याला," दिपाली रडत म्हणाली. "हितंच ऱ्हाती तुज्यापाशी."

"न्हाय. सकाळची साडेसहाची गाडी हाय. मी मॅडमना इचारून आली." सारजानं शेवटची बशी पालथी घातली आणि ओले हात लुगड्याला पुसले. सोळा वर्षांत पहिल्यांदा तिनं बहिणीच्या डोळ्यांत, मध्येच न हरवता, सरळ बघितलं.

दिपालीनं डोळे पुसले. गोळीचं पाकीट कुठं आहे, जेवल्यावरच घ्यायची, दूध चुलीवर असलं की उठायचं नाही, शेळ्यांना वरच्याच अंगाला न्यायचं, सगळं एकदम तिच्या ओठांवर आलं.

"जा तू आक्का," सारजा म्हणाली. "पर जाताना मला काय काय ध्यानात ठिवायचं, ते सांगू नगस."